ठेकेदाराने साफ केलेलं रान परत कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित आठ एकर वरकस (डोंगरउताराची) जमीन. चुलत्यांनी चार वर्षांपूर्वी रान ठेकेदाराला विकलं आणि त्याने झाडून सगळं तोडलं. आता तिथे रानमोडी हे झुडपी तण माजलं आहे. वरच्या अंगाला कातळ आहे. खालच्या अंगाचा पऱ्या, म्हणजे ओढा, पूर्वी शिमग्यापर्यंत वाहायचा, आता दिवाळीनंतर लगेच आटतो. एकांनी मियावाकी पद्धतीने घनवन करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे, दुसऱ्यांनी दोन हजार रोपं फुकट देऊ केली आहेत. यातलं काय करावं, आणि मुंबईत राहून हे जमेल का?

दोन्ही प्रस्ताव सध्या थांबवा. जेसीबी तर कुठल्याही कारणाने त्या जमिनीत शिरू देऊ नका. तुम्हाला ती जमीन ओसाड दिसते, पण रानाचं फक्त वरचं गेलं आहे. कोकणातला ठेकेदार झाड बुंध्यापाशी कापतो, मुळं उपटत बसत नाही, त्यात त्याला पैसा नसतो. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, अंजनी ही सगळी तोडल्यावर बुडातून फुटणारी झाडं आहेत. तुमच्या आजोबांच्या काळापासूनची मुळं त्या जांभ्यात खोल गेलेली आहेत. पिशवीतल्या रोपाला तिथवर पोचायला कितीतरी वर्षं लागतील, आणि बहुतेक रोपं त्याआधीच दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात जातील.

मियावाकीबद्दल माझं वैर नाही. शहरात, भरावाच्या जमिनीवर, जिथे मातीच उरलेली नाही तिथे त्याचा उपयोग होतो. पण त्यात जमीन खोल खणतात, बाहेरून भुसा-शेणखत आणून मिसळतात आणि दर चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावतात. म्हणजे एकरी बारा हजारांच्या वर. तुमच्या आठ एकरांना लाखाच्या घरात रोपं लागतील, आणि ती लावण्यासाठी आधी जिवंत मुळांचं जाळं उकरून काढावं लागेल. आहे ते रान मारायचं आणि मग नवीन विकत घ्यायचं, असा तो व्यवहार होईल. फुकटच्या दोन हजार रोपांबद्दल एकच विचारा: कुठल्या झाडांची? उत्तरात गुलमोहर, काशीद, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी बाहेरून आलेल्या झाडांची नावं आली तर नम्रपणे नको म्हणा. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपं लावण्याची मोहीम झाली, २०१९चं उद्दिष्ट तर ३३ कोटींचं होतं. तेव्हापासून रोपांचा आकडा सांगितल्याशिवाय काम झालंय असं लोकांना वाटेनासं झालं आहे. पहिली दोन-तीन वर्षं तुमच्याकडे असा सांगण्यासारखा आकडा नसेल, याची तयारी ठेवा.

पाऊस ओसरला की, म्हणजे घटस्थापनेच्या सुमारास, जमिनीवर जा. सोबत गावातला असा माणूस घ्या ज्याने तिथे कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडली आहे, गुरं राखली आहेत. हातात कोयती आणि खुणेसाठी जुन्या कापडाच्या चिंध्या. रानमोडीत शिरा आणि खुंट शोधा. बाहेरून एकही दिसत नाही, आत गेल्यावर दर चार-सहा पावलांवर सापडतो. ऐनाचा खुंट सालीवरून ओळखता येतो, सुसरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले असतात. नवीन फुटव्याचं पान उलटलंत तर देठाजवळ दोन बारीक गाठी दिसतील. किंजळ त्याचाच भाऊ, पण साल तशी फुटलेली नसते. हिवाळ्यात किंजळीला तांबूस पंखांची फळं धरतात आणि शेजारच्या न तोडलेल्या रानात ती लांबून ओळखू येते. प्रत्येक जिवंत खुंटाला चिंधी बांधा. दिवसाच्या शेवटी उतारावर उभं राहून खाली बघा. सगळीकडे चिंध्या दिसल्या तर तिथे लावण्यासारखं काहीच नाही. चिंध्या नसलेले मोठे पट्टे दिसले तर तेवढेच पुढे कधीतरी रोपांसाठी राखून ठेवा.

आता फुटव्यांचं काम. तोडलेल्या किंजळीच्या खुंटावर चार वर्षांनी दहा-पंधरा काठ्या एकमेकींना ढकलत उभ्या असतात. सगळ्याच वाढतात, म्हणून कुठलीच धड वाढत नाही. त्यातल्या दोन किंवा तीन ठेवायच्या. कुठल्या, ते महत्त्वाचं. जी खुंटाच्या वरच्या कडेवरून, कापलेल्या तोंडाजवळून फुटली आहे ती दिसायला सर्वांत जोमदार असते, आणि नेमकी तीच वादळात फाटून खाली येते, कारण तिचा जोड फक्त सालीपुरता असतो आणि खालचं लाकूड कुजत चाललेलं असतं. जी अगदी जमिनीलगत फुटली आहे ती ठेवा. तिला पुढे स्वतःची मुळं सुटतात आणि जुना खुंट कुजला तरी तिचं अडत नाही. बाकीच्या धारदार कोयतीने किंवा करवतीने खुंटाशी सपाट कापा, साल ओरबाडू नका. काम पाऊस संपल्यावर थंडीत करा. कापलेल्या काठ्या उतारावर आडव्या, खुंटांना टेकवून टाका. पहिल्या पावसात वाहून जाणारी माती आणि पाचोळा त्यांच्यामागे अडतो.

हे सगळ्याच खुंटांवर करू नका, असं मी मुद्दाम सांगतो. इमारती लाकडाचं रान करायचं असतं तर प्रत्येक खुंट विरळला असता. तुम्हाला पाखरं, भेकरं, खवले मांजर राहतील असं रान हवं आहे. त्यांना दाट, अडचणीच्या जागा लागतात. तीनातला एक खुंट तसाच गुंताड राहू द्या. कारवी, दिंडा, मुरुडशेंग, कुडा, करवंद यांना हात लावू नका. गड्यांना 'साफसफाई' सांगितली की ते पहिल्यांदा करवंदीच्या जाळ्या तोडतात, आणि आपण गेल्यावर कौतुकाने दाखवतात. एखाद्या जाळीत वाकून बघा: आत हमखास आंबा, जांभूळ, कोकम किंवा बिब्ब्याचं रोप असतं. बुलबुलाने टाकलेली, उदमांजराच्या विष्ठेतून आलेली बी तिथे पडते आणि काट्यांमुळे गुरांचं तोंड पोचत नाही. कुंपणाचा खर्च वाचतो तो असा.

रानमोडीने सगळे घाबरतात. ती उपटायची वेळ साधली तर ती आटोक्यात राहते. ती साधारण नोव्हेंबरपासून फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला केसाळ बी वाऱ्यावर सोडते. तेव्हा उपटणी भादव्याच्या अखेरीपासून फुलोऱ्याआधी उरकायची. माती ओली असते, मुळासकट निघते. कोयतीने कापली तर बुडातून दुप्पट फुटते आणि तुम्ही दरवर्षी मजुरी देत राहता. उपटलेली मुळं वर करून झुडपांवर अडकवा, जमिनीवर टेकली तर पावसात पुन्हा धरतात. आणि संपूर्ण उतार एकदम मोकळा करू नका. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या उताराची माती एका मोसमात धुऊन जाईल. आधी प्रत्येक खुंटाभोवती आणि प्रत्येक आपोआप आलेल्या रोपाभोवती हातभर-दोन हात जागा मोकळी करा. पुढच्या वर्षी तो घेर वाढवा. रानमोडीला सावली सोसत नाही. फुटव्यांची डोकी एकमेकांना भिडली की खालची रानमोडी किडकिडीत होऊन मरते, तिथे पुन्हा मजूर लावावा लागत नाही. घाणेरी (टणटणी) असेल तर तिला वेगळी वागणूक: मुळांच्या वर आणि खोडाच्या खाली जो सांधा असतो, तो मातीत दोन-तीन इंच खाली जाऊन कुदळीने तोडायचा आणि झुडूप उलटं ठेवायचं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रूढ केली, कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात ती वापरली गेली. तणनाशक मात्र नको. खाली पऱ्या आहे, आणि तणनाशकाला ऐनाचा फुटवा आणि रानमोडी यांतला फरक कळत नाही.

तुमच्या रानाचा खरा शत्रू वणवा. वाळलेली रानमोडी फेब्रुवारीनंतर रॉकेलसारखी पेटते. चार वर्षं जपलेले फुटवे एका दुपारी जातात. खुंट पुन्हा फुटतो, पण दरवेळी थोडा अशक्त होऊन, आणि आपोआप आलेली बियांची रोपं तर कायमची संपतात. कोकणात आग लागण्याची कारणं गावाला माहीत असतात: भाजावळ (भाताच्या रोपांसाठी डहाळ्या-पाचोळा पसरून जमीन भाजणं, त्यालाच राब म्हणतात) करताना सुटलेली, नवीन गवत लवकर यावं म्हणून लावलेली, काजूची बाग साफ करताना पसरलेली, शिकारीसाठी लावलेली, किंवा कोणी बिडी टाकलेली. म्हणून दोन कामं. एक, डिसेंबर संपायच्या आत हद्दीवर जाळरेषा. वरच्या आणि रस्त्याच्या बाजूला दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पाचोळा आत ओढून उघडा करायचा. शेजाऱ्यांच्या मदतीने सकाळच्या दंवात, वारा नसताना तो पट्टा जाळून काढणारेही आहेत. अनुभवी माणसं सोबत नसतील तर नुसता खरवडा. फेब्रुवारीत पानगळ झाल्यावर तो पुन्हा एकदा झाडावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात. दुसरं काम म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं. भाजावळ कोण, कधी करणार हे विचारा आणि त्या दिवशी तुमची दोन माणसं हिरवे डहाळे घेऊन हद्दीवर उभी करा. राबासाठी त्यांना कवळ लागते, ती पूर्वी तुमच्याच रानातून जात असेल. एकदम 'आत यायचं नाही' म्हटलंत तर आग लागल्यावर विझवायला कोणी येणार नाही. कुठल्या कोपऱ्यातली कवळ तोडायची, ऐनाचा शेंडा मारायचा नाही, बाजूच्या फांद्या घ्यायच्या, एवढं ठरवलंत तरी पुष्कळ.

गुरांचंही तसंच. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, ही तिकडची जुनी रीत आहे, तुमच्यासाठी ती बदलणार नाही. गावाकडच्या बाजूला जांभ्याच्या दगडांचा कंबरभर गडगा घाला. काटेरी तार सगळीकडून ओढू नका. भेकराचं पिल्लू तारेत अडकलेलं ज्याने पाहिलं आहे तो पुन्हा तारेचं नाव काढत नाही. तीन-चार वर्षांत फुटव्यांचे शेंडे गुरांच्या तोंडाच्या वर गेले की थोडीफार चराई चालते, गवत कमी झाल्याने आगीचं भयही कमी होतं.

वरचा कातळ जसा आहे तसा सोडा. तिथे झाड नाही म्हणून ती जागा वाया गेली असं समजून माती टाकून काजू लावणारे खूप आहेत. पावसाळ्यात एकदा तिथे गुडघे टेकून बघा: दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद ही छोटी रानफुलं, पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुलं. दीपकाडी तर कोकणातल्या अशाच सड्यांची, म्हणजे कातळी पठारांची, आहे. कातळावर पडणारं पाणी भेगांतून झिरपत तुमच्या उताराला आणि पऱ्याला मिळतं, हा दुसरा मुद्दा. आणि रत्नागिरीच्या सड्यांवर ठिकठिकाणी कातळशिल्पं सापडली आहेत. कातळ खरवडण्याआधी गवत-माती बाजूला करून एकदा तरी नीट पाहिलेलं बरं.

पऱ्याबद्दल तुम्ही आशेने विचारलं आहे. तो फक्त तुमच्या आठ एकरांचं पाणी वाहत नाही. वरची शेजाऱ्यांची रानंही तुटली असतील तर तुमच्या एकट्याच्या मेहनतीने तो शिमग्यापर्यंत वाहील असं मी सांगणार नाही. पण काठ सावलीत आला, पाचोळ्याचा थर बसला तर फरक पडतो. कोणी पाणी अडवायला उताराला आडवे समतल चर खोदायला सांगतील. उघड्या माळावर ठीक आहे, जिवंत खुंटांच्या उतारावर नको. चर म्हणजे शेकडो मुळांवर घातलेली कुऱ्हाड.

लावणी करायचीच तर इथून, पऱ्याच्या दोन्ही काठांनी सुरू करा, तीही दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात. ओल असते, रोपं जगतात, आणि तिथून पाखरं वरच्या उताराला बी नेतात. काठाला उंबर, करंज, जांभूळ, सुरंगी. थोडं वर फणस, कोकम, सातवीण. उताराच्या मोकळ्या पट्ट्यांत बेहडा, असाणा, शिवण, काटेसावर. ही यादी मनाला आलं म्हणून केलेली नाही. वारंवार तोड झालेल्या रानात ऐन-किंजळ टिकतात कारण त्या चांगल्या फुटतात. सावलीत वाढणारी, मोठ्या बीची, सावकाश वाढणारी झाडं दर तोडीला मागे पडत जातात. त्यांची बी धनेश आणि उदमांजर वाहून नेतात, आणि धनेशाला ढोलीसाठी बेहड्यासारखं म्हातारं झाड लागतं. ते झाड ठेकेदाराने नेलं, म्हणून धनेश येत नाही, म्हणून बी येत नाही. ही साखळी जिथे तुटली आहे तिथेच हात घाला, बाकी रान स्वतःचं स्वतः बघतं. उंबर, पायर, नांदरुक यांना आधी जागा द्या; त्यांची फळं वर्षाच्या अडचणीच्या महिन्यांतही असतात. ऐन-किंजळीचं एकही रोप विकत घेऊ नका.

बी जवळच्या देवराईतून किंवा गावाच्या जुन्या राईतून, गावकऱ्यांना आणि पुजाऱ्याला विचारून घ्या. महाराष्ट्रात अशा देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यास करून लिहिलं. कोकणात बऱ्याच ठिकाणी जुन्या रानाचा तेवढाच तुकडा शिल्लक आहे. जांभूळ, कोकम, फणस, आंबा यांची बी वाळवून ठेवायची नसते. फळ खाऊन झालं की आठवड्याच्या आत मातीत गेली पाहिजे. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन रोपंही निघतात. म्हणूनच मातीचे गोळे करून उधळण्यावर माझा फार विश्वास नाही: ज्या बिया आपल्याला खरोखर हव्यात त्या गोळ्यात वाळून मरतात, आणि उरलेल्या मुंग्या-उंदीर खातात. रोप खोल पिशवीत, दोन पावसाळे वाढवलेलं असावं. लावताना पिशवीच्या तळाशी मुळाने वेटोळं केलं असेल तर ते कापून टाका. आणि पाच जूनचा, पर्यावरण दिनाचा, मुहूर्त सोडा. तेव्हा तुमच्याकडे बरेचदा जमीन तापलेलीच असते. पाऊस लागून वीतभर माती भिजली की लावा, शक्यतो एखाद्या झुडपाच्या उत्तरेला, म्हणजे डिसेंबरनंतर त्याची सावली मिळते. खत नको, बुडाशी जाड पाचोळा हवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबारा काढून इतर हक्कांत खासगी वनाची नोंद आहे का ते बघा. १९७५च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे काही जमिनींवर ती असते. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत, तेव्हा फुटवे विरळताना वनरक्षकाला आधी सांगून ठेवा, नंतर समजावत बसावं लागत नाही. आणि सातबाऱ्यावर चुलत्यांचंही नाव असेल तर त्यांच्याशी लेखी ठरवून घ्या. ऐनाच्या फुटव्यांना पुन्हा जळाऊ लाकडाची किंमत आली की ठेकेदार पुन्हा दारात येतो. वीसेक वर्षांत एकाच रानावर दोनदा कुऱ्हाड पडलेली तिकडे नवलाची गोष्ट नाही.

प्रगती मोजायची तर चार जागी दगड रोवा आणि दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेला फोटो काढा. एका दहा बाय दहा मीटरच्या चौकटीत गुडघ्याखालची रोपं मोजा, कुठली ते लिहा. पहिल्या वर्षी बहुतेक ऐन-कुडाच दिसेल. सावली धरल्यावर त्या चौकटीत अंजनी, कोकम, रानजायफळ असं कोणी न लावलेलं काही उगवलं तर काम योग्य वाटेवर आहे. उभं वाळलेलं झाड दिसलं तर पाडू नका, तांबट आणि सुतार पक्ष्यांना तेच लागतं.

मुंबईत राहून जमेल का? वर्षातून चार फेऱ्या तुमच्या: घटस्थापनेला खुंट आणि रानमोडी, डिसेंबरात जाळरेषा आणि फुटवे, शिमग्याला आगीची वेळ, जूनअखेर लावणी. पण मधल्या काळात गावातला एक माणूस बारमाही पगारावर हवा, हंगामी मजुरीवर नाही. फेब्रुवारी ते मे जाळरेषा झाडण्यापलीकडे त्याला करण्यासारखं फारसं काही नसतं, नुसतं हद्दीवरून रोज फिरणं आणि धूर दिसला तर हाका मारणं, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांचा पगार लोक वाचवायला जातात. रोपांसाठी बाजूला काढलेले पैसे या पगारात घाला. शक्यतो तुमच्याच जमिनीत पूर्वी गुरं राखणारा किंवा कवळ तोडणारा निवडा. त्याला प्रत्येक खुंट माहीत असतो, आणि आग कोण लावतं तेही.